औषधाची चाचणी सांभाळणारी माणसं

मागच्या खेपेला बचत गटातल्या एका ताईंनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर नाही, मग एचआयव्हीच्या संशोधनात करता तरी काय?" आज तेच सांगतो.

लागण रोखायला एखादं औषध खरंच उपयोगी पडतं का, हे शेवटी माणसांमध्येच बघावं लागतं. डॉक्टर तपासतात, प्रयोगशाळा रक्त बघते. पण कोणी कधी यायचं, गोळ्या किती नेल्या नि किती उरल्या, कुणाला गंभीर त्रास झाला तर २४ तासांत कुणाला कळवायचं, हे सगळं धरून ठेवायला कुणीतरी लागतं. ते आम्ही. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको!

जास्त वेळ जातो तो संमतीत. कागद बाईच्या भाषेत हवा. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. मधेच सोडून जायची तिला मुभा असते, कारण न सांगता. आम्ही तिलाच विचारतो, "आता तुम्ही सांगा, काय कळलं?" "औषध मिळणार, म्हणजे मला होणार नाही," असं उत्तर आलं की पुन्हा पहिल्यापासून. काही चाचण्यांत संमतीचं चित्रीकरण करावं लागतं. एचआयव्हीच्या औषधांसाठी मात्र २०१९ च्या नियमांत फक्त आवाज नोंदवायचा आहे, चेहरा नाही.

चेहरा का नाही, ते आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. एक बाई तारखेला आली नाही म्हणून आमच्यातल्या एकीने फोन केला. नणंदेने उचलला, आणि आमच्या बाईने केंद्राचं नाव सांगून टाकलं. ती बाई परत आली नाही. सोडायचा हक्क तिचाच होता, पण कारण आम्ही होतो. तेव्हापासून पहिल्याच दिवशी विचारतो: फोन कधी करायचा, दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं?

एवढ्या खटाटोपातून काय निघतं? नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला. त्यात आपलं पुणे होतं, चेन्नई होतं. जोडप्यातल्या एकाला लागण, दुसऱ्याला नाही. काहींना उपचार लगेच दिले, काहींना त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर. एकूण आकड्यांवर एका स्वतंत्र समितीची नजर होती. २०११ च्या मे महिन्यात कळलं, की जोडीदाराकडून झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा उपचारांच्या गटात होत्या, लगेच उपचारांच्या गटात एकच. मग थांबायचं कशाला? उरलेल्यांनाही उपचार देऊ केले. आपल्याकडे २०१७ पासून लागण कळली की पेशी कमी व्हायची वाट न बघता सरकारी केंद्रात मोफत उपचार सुरू होतात. त्यामागे या जोडप्यांचाही वाटा आहे, आणि त्यांची नावं कुठेही छापलेली नाहीत.

लेकी-सुनांपैकी कुणाला या कामात यायचं असेल, तर नर्सिंग, फार्मसी किंवा समाजकार्य शिकून येता येतं. नंतर चाचण्यांच्या नियमांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि गावोगाव फिरून लोकांशी बोलणाऱ्या कार्यकर्त्या तर आम्हाला कायम लागतात.

एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.