वेटसूट घेताय? किमतीआधी गळा आणि खांदे बघा

आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय आहे ट्रायथलॉनचा वेटसूट: घ्यायचा का, कसा निवडायचा आणि घेतल्यावर टिकवायचा कसा.

आधी ठरवा, लागतो का?

गोव्यात मिरामारला होणाऱ्या आयर्नमन ७०.३ साठी वेटसूट घ्यायची गरज नाही. तिथलं पाणी कोमट असतं. आपल्याकडचे बहुतेक लोक वेटसूट घेतात ते युरोपातल्या स्पर्धेसाठी. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये झुरिकची आयर्नमन केली, तशा तलावातल्या स्पर्धांसाठी.

आयर्नमनच्या हौशी गटांचा नियम असा: पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर वेटसूट चालतो. त्यावर २८.८ पर्यंत घालता येतो, पण मग बक्षिसाच्या शर्यतीत तुम्ही धरले जात नाही. त्याहून गरम पाण्यात बंदी, कारण सूटमध्ये अंग तापतं. जाडी कुठेही ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे आधी स्पर्धा ठरवा, तिथलं पाणी किती गार असतं ते बघा, आणि मगच कार्ड काढा.

हे रबर करतं काय?

वेटसूट निओप्रीनचा असतो. या रबरात वायूचे बारीक बंद बुडबुडे असतात. त्यामुळे दोन गोष्टी होतात: ऊब टिकते आणि अंग तरंगतं. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने खेचतं. सूटच्या आत पाण्याचा पातळ थर शिरतो, अंगाच्या उबेने तो गरम होतो आणि तिथेच राहतो. पण सूट सैल असेल तर प्रत्येक हाताला आतलं गरम पाणी बाहेर आणि बाहेरचं गार पाणी आत! मग कितीही महाग सूट असो, उपयोग शून्य.

तरंगण्याचा फायदा ज्यांचे पाय पोहताना खाली जातात त्यांना जास्त. म्हणून मांड्या आणि धड यांच्याकडे रबर जाड, तर खांद्यांकडे दीड-दोन मिलिमीटर. सर्फिंगचा किंवा डायव्हिंगचा सूट स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्याचे खांदे इतके फिरत नाहीत, आणि बाहेरून कापड असल्यामुळे तो पाण्यात ओढही जास्त देतो.

ट्रायलला काय तपासायचं?

कंपनीचा उंची-वजनाचा तक्ता हा फक्त अंदाज. छातीचं मापही घ्या. कोरडा सूट घट्टच वाटला पाहिजे, कारण पाण्यात तो थोडा सैलावतो. मग हे बघा:

- जांघेत पोकळी नको. सूट वर नीट ओढला नाही तर सगळा ताण खांद्यांवर येतो.
- कमरेच्या खोलगट भागात जागा राहिली तर तिथे पाणी साचतं.
- दोन्ही हात वर करून पोहल्यासारखे फिरवा. खांदे लगेच भरून आले तर तो सूट तुमचा नाही.
- गळा अंगाला चिकटलेला हवा, पण आवळणारा नको. खोल श्वास पूर्ण घेता आला पाहिजे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. गार पाण्यात शिरल्यावर पहिली एक-दोन मिनिटं श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा होतो. त्यात गळा आवळलेला असला तर चांगला पोहणाराही घाबरतो. म्हणून दुकानात दोन मिनिटांत निर्णय घेऊ नका, दहा मिनिटं घालून उभे राहा. एकाच स्पर्धेपुरता हवा असेल तर भाड्याचाही विचार करा. आणि लक्षात ठेवा, वेटसूट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. नवा सूट पहिल्यांदा स्पर्धेच्या सकाळी घालू नका, आणि उघड्या पाण्यात सराव एकट्याने करू नका.

घालताना

घाई केली की सूट फाटतो. नखं कापा, अंगठ्या काढा. पायात प्लास्टिकची पिशवी घातली की पाय सटकन आत जातो. रबर चिमटीत न धरता बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर सरकवा. आधी पाय आणि जांघ नीट बसवा, मग हात. पाठीवरची चेन लावायला मित्राला सांगा. मानेला घासू नये म्हणून वेटसूटसाठीचं ल्युब्रिकंट लावा. पेट्रोलियम जेली नको, त्याने रबर आणि जोडांचा गोंद खराब होतो.

पोहून आल्यावर

समुद्र असो, तलाव असो की क्लोरीनचा पूल, सूट साध्या गार पाण्याने आतून-बाहेरून धुवा. वॉशिंग मशीन, गरम पाणी, इस्त्री, सगळं बाद. आधी उलटा करून सावलीत वाळवा, मग सुलटा करा. उन्हात रबर कडक होतं आणि भेगा पडतात. बंद गाडीच्या डिकीतही विसरू नका. पातळ हँगरवर खांद्याने टांगला तर खांदे ताणले जातात, म्हणून जाड दांडीवर कमरेतून दुमडून ठेवा.

मुंबई-कोकणवाल्यांनो, पावसाळ्यात जास्त जपा. पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवलात तर बुरशी ठरलेली.

नखाचा छोटा चंद्रकोरीसारखा काप दिसला तर तो वाढायची वाट बघू नका. दोन्ही कडांना निओप्रीनचा गोंद लावा, कंपनीने सांगितलेला वेळ थांबा आणि कडा दाबून जोडा. शिवणीवर फाटला असेल तर मात्र दुरुस्तीवाल्याकडे द्या.

तुमच्या स्पर्धेचं पाणी किती गार आहे आणि सूटबद्दल काय अडलंय, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात उत्तरं देऊ. तोपर्यंत पोहत राहा!