फेकणाऱ्या हाताची निगा
शालेय बेसबॉलमधील पिचरचा सराव आणि शिक्षकांची जबाबदारी

नेमका आणि दूरवर फेकणारा हात ग्रामीण भागात दुर्मिळ नाही. ज्वारीच्या शेतातील माळ्यावरून गोफण फिरविणारे, चिंचेच्या शेंड्यावरचे आकडे एका दगडात पाडणारे हात वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत आढळतील. या अंगभूत कौशल्याला शालेय क्रीडा स्पर्धांमुळे एक नवे क्षेत्र मिळाले आहे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल या खेळांचा समावेश शालेय स्पर्धांत झाल्यापासून विदर्भातील अनेक शाळांत हातमोजा घालून चेंडू झेलणारी मुले-मुली दिसू लागली आहेत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा अमरावती विभागात मोडतो, आणि या विभागाला व्यायामशिक्षणाची जुनी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे कार्य करीत आले आहे.

खेळाचा प्रसार होत असताना एका गोष्टीकडे वेळीच लक्ष वेधणे आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये संघाचा सर्वाधिक भार एकाच खेळाडूवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरवर, असतो. फलंदाज बदलतात, क्षेत्ररक्षकांना मध्येच उसंत मिळते. पिचरला मात्र डाव सुरू असेपर्यंत चेंडूमागून चेंडू टाकावा लागतो. जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चालणाऱ्या स्पर्धांत सामने लागोपाठच्या दिवशी येतात. संघात चांगला पिचर एकच असेल, तर प्रत्येक सामन्यात त्यालाच उभे करण्याचा मोह होतो. दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण यांचा विचार पालकांच्या मनात असतो. अशा वेळी चौदा वर्षांचा मुलगा “हात दुखतो” असे सहसा सांगत नाही. म्हणूनच त्याच्या हाताची काळजी वाहण्याचे काम मोठ्यांकडे येते.

फेक हाताची नव्हे, सर्वांगाची

बेसबॉलचा चेंडू वजनाने १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका असतो. पिचर आणि फलंदाज यांच्यातील नियमित अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर आहे. एवढ्या अंतरावर वेगाने चेंडू टाकण्याची शक्ती मुळात पायांतून निर्माण होते. ती मांड्या, कंबर, धड आणि खांदा या मार्गाने चढत शेवटी मनगटाशी पोचते. हात हा या साखळीतील अखेरचा दुवा होय. पाय आणि कंबर आपले काम करीत नसतील, तर उणीव भरून काढण्यासाठी खांदा आणि कोपर यांना जास्त ओढ सोसावी लागते. फेकीच्या क्षणी खांदा ज्या गतीने आत वळतो, ती मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक मानली जाते. कोपराच्या आतील बाजूस त्या वेळी मोठा ताण पडतो.

प्रौढ खेळाडूंत हा ताण प्रामुख्याने कोपरातील अस्थिबंधावर येतो. टॉमी जॉन या अमेरिकन पिचरचा हा अस्थिबंध तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये त्याच्याच शरीरातील स्नायुरज्जू काढून त्या जागी बसविला. १९७६ मध्ये जॉन पुन्हा मैदानात उतरला. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

वाढत्या वयाच्या मुलांत स्थिती वेगळी असते. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. हाडाची लांबी तेथे वाढते, आणि कूर्चा ही पक्क्या हाडापेक्षा व अस्थिबंधापेक्षा दुबळी असते. मुलग्यांच्या कोपराच्या आतील बाजूची कूर्चा साधारणपणे पंधरा ते सतरा या वयात हाडाशी एकजीव होते. खांद्याजवळची त्याहूनही उशिरा. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याजवळच्या कूर्चेतून होते. वारंवार फेकण्याने ही कूर्चा ओढली जाते, सुजते आणि कधी हाडापासून सुटते. अमेरिकेतील वैद्यकांनी बालपिचरांच्या कोपराच्या या विकाराची नोंद १९६० मध्येच केली होती.

मोजणी आणि विश्रांती

या दुखापतींचे मुख्य कारण अतिवापर हे आहे. अमेरिकेत ९ ते १४ वर्षे वयाच्या ४८१ पिचरांचा दहा वर्षे मागोवा घेण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, वर्षाला शंभराहून अधिक डाव टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट होती. २००६ मधील दुसऱ्या एका अभ्यासात, हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांत शस्त्रक्रियेचा धोका ३६ पट आढळला.

या अनुभवातून अमेरिकेतील बेसबॉल संस्थांनी २०१४ मध्ये वयानुसार मर्यादा सुचविल्या. एका दिवसात टाकावयाच्या चेंडूंची कमाल संख्या ११-१२ वर्षांसाठी ८५, १३ ते १६ वर्षांसाठी ९५ आणि १७-१८ वर्षांसाठी १०५ अशी आहे. कमाल संख्येइतकेच महत्त्व त्यानंतरच्या विश्रांतीला आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पर्यंत चेंडू टाकल्यास विश्रांतीची सक्ती नाही. २१ ते ३५ चेंडूंनंतर एक दिवस, ३६ ते ५० नंतर दोन दिवस, ५१ ते ६५ नंतर तीन दिवस आणि ६६ किंवा अधिक चेंडूंनंतर चार दिवस त्याने पिचिंग करू नये. तसेच जो मुलगा पिचर म्हणून खेळला, त्याला त्याच सामन्यात कॅचर करू नये. कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो.

जपानमध्येही हाच धडा गिरवावा लागला. २०१८ च्या उन्हाळ्यात तेथील राष्ट्रीय शालेय स्पर्धेत अकिता प्रांतातील एका कृषिविद्यालयाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. कोसेई योशिदा या त्यांच्या पिचरने त्या एका स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. शेतकरी मुलांच्या शाळेने मिळविलेल्या यशाचे देशभर कौतुक झाले, आणि एका शालेय खेळाडूवर टाकलेल्या भाराबद्दल प्रश्नही विचारले गेले. पुढे जपानच्या शालेय बेसबॉल महासंघाने एका पिचरने आठवड्यात ५०० पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत असा नियम २०२० पासून लागू केला. ही मर्यादा आपल्या कोवळ्या मुलांसाठी फारच सैल आहे. तथापि खेळाचे एवढे वेड असलेल्या देशालाही मोजणी स्वीकारावी लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सरावाची आखणी

सरावाचा पहिला नियम असा की, अंग तापल्यावर फेकावे. अंग तापविण्यासाठी फेकू नये. आरंभी दहा मिनिटे धावणे, सूर्यनमस्कार आणि खांदे-कंबर मोकळे करणारे व्यायाम करावेत. नंतर दोन खेळाडूंनी दहा मीटरवर उभे राहून हलक्या हाताने चेंडू द्यावा-घ्यावा. अंतर पंधरा, वीस, पंचवीस मीटर असे वाढवावे आणि त्याच क्रमाने पुन्हा कमी करावे. त्यानंतरच पूर्ण ताकदीच्या फेकी सुरू कराव्यात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अमेरिकेत पिचरचे अंतर ४६ फूट, म्हणजे सुमारे १४ मीटर ठेवतात. आपल्याकडील लहान मुलांनीही सराव याच अंतरावरून करणे हितावह ठरेल.

तेरा-चौदा वर्षांच्या पिचरसाठी आठवड्याची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. सोमवारी ताकदीचे चाळीस चेंडू टाकावेत. मंगळवारी फेक बंद ठेवून केवळ धावणे व अंग ताणण्याचे व्यायाम घ्यावेत. बुधवारी बळ वाढविणारे व्यायाम आणि हलकी फेकाफेक असावी. गुरुवारी पुन्हा चाळीस चेंडू, शुक्रवारी फेक बंद, शनिवारी क्षेत्ररक्षणाचा हलका सराव आणि रविवारी पूर्ण सुटी. आठवड्यात सामना असल्यास त्यातील चेंडू या हिशेबातून वजा करावेत. आधी सरळ वेगवान चेंडू आणि त्याच हालचालीने टाकलेला मंद चेंडू यांवर ताबा यावा. वळणारे चेंडू शिकविण्याची घाई करू नये.

बळ वाढविण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधावी, कोपर कुशीला टेकवून ठेवावे आणि पट्टी ओढीत पुढचा हात सावकाश आत व बाहेर फिरवावा. दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा वेळा, असे दोनदा केले म्हणजे खांद्याचे छोटे स्नायू बळकट होतात. बैठका, दंड आणि मल्लखांब हे आपले देशी व्यायाम पाय, कंबर व धड यांना तयार करतात. पिचरला नेमकी हीच तयारी हवी असते.

वर्षातून किमान चार महिने, आणि त्यांतील दोन-तीन महिने सलग, खांद्यावरून फेक पूर्ण बंद असावी असेही तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे परीक्षा आणि त्यानंतरचा विदर्भातील कडक उन्हाळा यांमुळे हा काळ आपोआप उपलब्ध होतो. तो उन्हाळी शिबिरांनी भरून टाकू नये. मात्र त्याच महिन्यांत मूल दिवसभर क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी किंवा भालाफेक करीत असेल, तर हाताला विश्रांती मिळाली असे म्हणता येणार नाही. स्पर्धांच्या हंगामातच सोयाबीनची सोंगणी येते, हेही शिक्षकांनी लक्षात घ्यावे. दिवसभर विळा चालवून वा ओझी उचलून आलेल्या मुलाला सायंकाळी पिचिंगला उभे करू नये.

दुखणे लपू देऊ नये

कोपराच्या आतील बाजूस दाबल्यावर दुखणे, हात पूर्ण सरळ न होणे, खांदा धरून बसणे, वेग वा नेमकेपणा अचानक कमी होणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी फेक त्वरित थांबवावी. चोळणे, ओढणे किंवा वेदनाशामक गोळी देऊन सामना खेळविणे हे उपाय नव्हेत. दुखणे काही दिवसांत न थांबल्यास ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. वेळीच लक्षात आल्यास बहुतेक मुले केवळ विश्रांतीने बरी होतात. कोपरासाठी साधारण दीड महिना, तर खांद्यासाठी तीन महिनेही लागू शकतात. कूर्चा हाडापासून सुटल्यास मात्र शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

विश्रांती म्हणजे संधी गमावणे, ही समजूत दूर झाली पाहिजे. भालाफेकपटू नीरज चोप्रा याच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षाचा बहुतेक हंगाम त्याने सोडून दिला. जानेवारी २०२० मध्ये परतल्यावर तो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून त्याने सुवर्णपदक मिळविले. भालाफेकीतूनच आलेले उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन तरुण २००८ मध्ये अमेरिकन व्यावसायिक बेसबॉल संघाशी करारबद्ध झाले होते. खेड्यातील हाताला या खेळात दूरवर जाता येते, हे त्यांनी दाखविले.

करता येण्याजोगे

या कामी शासनाच्या वेगळ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक संघाने एक वही ठेवावी. तीत पिचरचे नाव, वय, तारीख, टाकलेले चेंडू आणि दुखण्याविषयीची विचारपूस यांची नोंद असावी. मोजणीचे काम राखीव खेळाडूकडे द्यावे. ही वही मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा पाहावी आणि स्पर्धेच्या वेळी व्यवस्थापकाने सोबत न्यावी. प्रत्येक शाळेने निदान तीन पिचर तयार करावेत. लागोपाठच्या सामन्यांवर हाच खरा तोडगा आहे. ग्रामपंचायतींनी गोटे वेचलेले सपाट मैदान, पिण्याचे पाणी आणि थोडी सावली यांची व्यवस्था केल्यास सरावाला मोठाच हातभार लागेल. पालकसभेत हा विषय वर्षातून एकदा तरी निघावा.

जिल्हास्तरावरील ढाल शाळेच्या कपाटात राहते. मुलाला आपला हात मात्र जन्मभर वापरावयाचा असतो. त्याच हाताने त्याला उद्या नांगर धरावयाचा आहे, फळ्यावर लिहावयाचे आहे किंवा सैन्यात बंदूक पेलावयाची आहे. चेंडू मोजण्याची आणि वेळीच “आज पुरे” असे म्हणण्याची सवय शिक्षकांनी लावून घेतली, तर खेळ वाढेल आणि खेळणारी मुलेही सुरक्षित राहतील.