संगणकाच्या नव्या मदतनिसासाठी बंद खोली

उस्मानाबाद शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. त्यानंतरची कागदपत्रे नव्या नावाने तयार होऊ लागली. त्याआधीची जुन्या नावानेच दप्तरात राहिली. माणसाला यात काही अडचण वाटत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ही दोन नावे म्हणजे दोन निरनिराळे जिल्हे होत. २०२२ ची आणि २०२४ ची शेतकऱ्यांची यादी एकत्र करून जिल्हावार बेरीज मागितली, तर तो एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी निमूटपणे पुढे ठेवील.

असे घोळ निस्तरण्यासाठी लहान लहान आज्ञावली लिहाव्या लागतात. एरवी त्यासाठी जाणत्या प्रोग्रामरचा शोध घ्यावा लागे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे मदतनीस साध्या भाषेतील सूचना वाचून अशी आज्ञावली काही मिनिटांत लिहून देतात. समजा, कळंब तालुक्यातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने सोयाबीन खरेदीचा हिशेब या पद्धतीने लावावयाचे ठरविले. हिशेबाच्या फाईलीत केवळ वजन आणि भाव नसतो. शेतकऱ्याचे नाव, मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक, बँक खाते आणि जमिनीचा गट क्रमांक हेही तेथेच असते. अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. हा मदतनीस संगणकावर काय काय करू शकतो? आणि वाचलेली माहिती तो कोठे पाठवितो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'कंटेनर' या व्यवस्थेत सापडते, तर दुसऱ्याचे स्वतःच्याच यंत्रावर चालणाऱ्या भाषा-मॉडेलमध्ये. या दोहोंची सांगड कशी घालावयाची, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सल्लागार ते कारभारी

गिटहब कोपायलट हा मदतनीस २०२१ साली चाचणीसाठी आणि २०२२ साली सर्वांसाठी उपलब्ध झाला. आज्ञावली लिहिणाऱ्यास पुढची ओळ सुचविणे, एवढेच त्याचे प्रारंभीचे काम होते. सुचविलेली ओळ घ्यावयाची की नाही, हे माणूस ठरवीत असे. २०२५ पर्यंत हे चित्र पालटले. क्लॉड कोडसारखे मदतनीस स्वतः फाईली उघडतात, त्यांत बदल करतात, संगणकाला आज्ञा देतात, चाचणी घेतात आणि चूक आढळल्यास ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न करतात. सल्लागाराच्या हाती आता किल्ल्यांचा जुडगा आला आहे.

याचा धोका काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील एका उद्योजकाच्या प्रकल्पात, कोणताही बदल करू नये अशी सूचना दिलेली असतानाही, अशा एका मदतनिसाने चालू कामाचा माहितीसंग्रह पुसून टाकला. सूचना म्हणजे कुलूप नव्हे, हा या घटनेचा अर्थ होय.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. भाषा-मॉडेलला मजकूर आणि आज्ञा यांतील भेद खात्रीने करता येत नाही. बाहेरून आलेल्या एखाद्या फाईलीत 'ही यादी अमुक पत्त्यावर पाठवावी' असे वाक्य कोणी दडवून ठेवले असेल, तर मदतनीस त्यालाच मालकाचा हुकूम समजण्याची शक्यता असते. खासगी माहिती, परका मजकूर आणि बाहेर जाण्याची वाट या तीन गोष्टी एकत्र आल्या की माहिती फुटण्यास वाव मिळतो. यांपैकी एक जरी काढून घेतली तरी धोका पुष्कळ कमी होतो.

कंटेनर म्हणजे काय?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजेच प्राचीन तगर नगर. येथील आणि पैठणचा माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयन-ग्रंथात आढळतो. मालाचे गाठोडे गाडीवरून उतरवावयाचे आणि जहाजावर पुन्हा रचावयाचे, ही रीत त्यानंतरही शतकानुशतके चालू राहिली. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी एकाच मापाच्या पेट्या जहाजावर चढविल्या आणि ही रीत मोडली. पेटीत काय आहे याच्याशी यारीला कर्तव्य उरले नाही. पेटीचे माप ठरलेले असले की पुरे. १९८९ साली सुरू झालेले न्हावा शेवा येथील बंदर अशाच पेट्यांच्या वाहतुकीसाठी ओळखले जाते.

संगणकातील कंटेनर ही त्याच कल्पनेची आवृत्ती होय. आज्ञावली आणि तिला लागणारी सर्व सामग्री एका ठराविक मापाच्या पेटीत बांधली जाते. त्यामुळे पुण्यातील संगणकावर चालणारी पेटी धाराशिवच्या संगणकावरही तशीच चालते. २०१३ साली आलेल्या डॉकर या साधनाने ही पद्धत सर्वदूर पोहोचविली. पॉडमन हे त्याच प्रकारचे दुसरे साधन आहे. तथापि मूळ विचार याहून जुना आहे. एखाद्या आज्ञावलीस संगणकाचा ठराविक भागच दिसावा, अशी सोय युनिक्स कार्यप्रणालीत १९७९ पासून आहे. लिनक्स कार्यप्रणालीत २००८ पासून कोणत्या कामाने किती स्मृती आणि किती प्रक्रियाशक्ती वापरावी याचीही मर्यादा घालता येऊ लागली. काय दिसावे आणि किती वापरावे, या दोन बंधनांतून कंटेनर तयार होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. कंटेनर म्हणजे स्वतंत्र घर नव्हे. ती एका वाड्यातील वेगळी खोली असते. सर्व खोल्यांचा पाया, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, एकच असतो. त्या गाभ्यातच दोष निघाला तर भिंत ओलांडली जाऊ शकते. म्हणून कार्यप्रणाली अद्ययावत ठेवणे हे कंटेनर वापरणाऱ्यासही चुकत नाही.

खोलीत काय द्यावे, काय देऊ नये

मदतनिसाला कंटेनरमध्ये ठेवले एवढ्याने काम भागत नाही. खोलीत कोणते सामान ठेवले आहे, यावर सुरक्षितता अवलंबून असते.

पहिली गोष्ट म्हणजे संपूर्ण संगणक त्याच्यापुढे उघडा न करता केवळ त्या कामाचे फोल्डर जोडावे. मूळ यादी आत द्यावयाचीच झाली तर ती 'केवळ वाचण्यासाठी' म्हणून द्यावी. याहूनही चांगले म्हणजे खऱ्या नावांऐवजी बनावट नावे आणि क्रमांक घातलेली दहावीस ओळींची नमुना यादी द्यावी. आज्ञावली लिहिण्यासाठी रकाने कोणते आहेत हे कळणे आवश्यक असते; कोणाच्या खात्याचा क्रमांक काय आहे हे कळण्याची गरज नसते. आज्ञावली तयार झाल्यावर ती खऱ्या यादीवर माणसाने चालवावी.

दुसरी गोष्ट, संकेतशब्द आणि बँकेच्या अथवा सरकारी संकेतस्थळांच्या चाव्या त्या फोल्डरमध्ये राहू देऊ नयेत. तिसरी, मदतनिसाला प्रशासकाचे अधिकार न देता सामान्य वापरकर्ता म्हणूनच चालवावे आणि त्याच्या स्मृतीला मर्यादा घालावी. चौथी, ज्या दुव्यावरून स्वतः डॉकरला आज्ञा दिल्या जातात तो दुवा कधीही आत देऊ नये. तो देणे म्हणजे कैद्याच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या देणेच होय.

कंटेनर काढून टाकला की त्यात निर्माण झालेल्या फाईलीही जातात, हा त्याचा स्वभाव आहे. खोली बिघडली तर मोडून नवी उभारता येते, ही त्यातली सोय. पण जे जपावयाचे ते बाहेरच्या फोल्डरमध्ये असले पाहिजे. काम सुरू करण्यापूर्वी त्या फोल्डरची प्रत अन्यत्र ठेवणे श्रेयस्कर.

मॉडेल आपल्याच यंत्रावर

एवढी व्यवस्था केल्यावरही एक खिडकी उघडी राहते. मदतनिसाची बुद्धी, म्हणजे भाषा-मॉडेल, दूरच्या कंपनीच्या संगणकावर असेल तर प्रत्येक प्रश्नाबरोबर वाचलेला मजकूरही तेथे जातो. इंटरनेट बंद केले तर मदतनीसच मुका होतो. मॉडेल त्याच संगणकावर असेल तर मात्र ही खिडकी पूर्णपणे लावून घेता येते.

२०२३ पासून अनेक संस्थांनी आपली मॉडेले उतरवून घेण्यासाठी खुली केली. त्याच वर्षी आलेल्या 'लामा सीपीपी' आणि 'ओलामा' या साधनांमुळे ती साध्या संगणकावर चालविणे शक्य झाले. यातील गणित सोपे आहे. मध्यम आकाराच्या मॉडेलमध्ये सुमारे ७०० कोटी आकडे असतात. प्रत्येक आकडा १६ बिटांत साठविला तर १४ जीबी जागा लागते. तोच आकडा थोडी अचूकता सोडून ४ बिटांत बसविला तर सुमारे साडेतीन ते पाच जीबी पुरते. म्हणजेच १६ जीबी रॅम असलेल्या, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर असे मॉडेल चालू शकते. विंडोज संगणकावर लिनक्सच्या कंटेनरांना सहसा निम्मीच रॅम वापरू दिली जाते; ही मर्यादा वाढवून घ्यावी लागते, याची जाणीव असावी.

वेगाचे गणितही असेच मांडता येते. उत्तराचा प्रत्येक शब्दांश लिहिताना मॉडेलचे सर्व आकडे रॅममधून एकदा वाचावे लागतात. डीडीआर-४ प्रकारची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाचून देते. ४ जीबीचे मॉडेल असेल तर सेकंदाला सहा शब्दांशांच्या पलीकडे जाता येणार नाही. दोन पट्ट्या जोडीने बसविल्यास ही मर्यादा बाराच्या घरात जाते. ग्राफिक कार्ड नसलेल्या ठिकाणी हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

४ जीबीची फाईल १० एमबीपीएस जोडणीवर उतरविण्यास सुमारे ५५ मिनिटे लागतात. मात्र ती एकदाच उतरवून पेन ड्राइव्हने अन्य संगणकांवर नेता येते. फाईल कंटेनरच्या बाहेरील फोल्डरमध्ये ठेवली तर खोली मोडली तरी मॉडेल पुन्हा उतरवावे लागत नाही. त्यानंतर इंटरनेट नसतानाही काम चालते. ग्रामीण भागात ही लहान गोष्ट नव्हे.

प्रत्यक्ष मांडणी दोन कंटेनरांची असावी. एकात मदतनीस, दुसऱ्यात मॉडेल, आणि दोहोंना जोडणारे असे अंतर्गत जाळे की ज्याला बाहेर जाणारी वाटच नाही. दोघे एकमेकांशी बोलू शकतात; तिसऱ्याशी नाही. परक्या फाईलीतील दडलेल्या वाक्याने मदतनीस फसला, तरी यादी नेऊन द्यावयास त्याच्यापाशी रस्ता उरत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ साली संमत झाला आहे. लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेने ती जपण्याची वाजवी तजवीज करावी, अशी त्याची अपेक्षा आहे. ही मांडणी त्या तजविजीचा एक भाग होऊ शकते.

मर्यादांचे भान

लहान मॉडेल मोठ्या मॉडेलची बरोबरी करीत नाही. अनेक फाईलींचे गुंतागुंतीचे काम त्याला पेलत नाही. एका वेळी एकच छोटे काम, नेमक्या शब्दांत सांगावे लागते. मराठीचा प्रश्नही आहे. प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर घडलेली मॉडेले देवनागरी शब्दाचे फार बारीक तुकडे करतात, त्यामुळे वेळ अधिक लागतो आणि समज कमी पडते. या दिशेने प्रयत्न होत आहेत. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ साली सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांचा मराठी संग्रह आणि त्यावर आधारित 'महाबर्ट' हे मॉडेल प्रसिद्ध केले. २०२४ साली आलेले 'सर्वम-१' हे २०० कोटी आकड्यांचे मॉडेल मराठीसह दहा भारतीय भाषांवर घडविलेले आहे.

आणखी एक मर्यादा शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित आहे. मॉडेलचे ज्ञान ते घडविले त्या दिवसापाशी थांबते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला. शासकीय खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली होती. जुने मॉडेल हे बदल न जाणता, पूर्ण आत्मविश्वासाने जुनाच आकडा आज्ञावलीत घालील. त्याचे चुकलेले गणित कंटेनरच्या भिंतीने अडत नाही. भिंत संगणकाचे रक्षण करते, हिशेबाचे नव्हे.

यास्तव भाव आणि ओलाव्याची मर्यादा आज्ञावलीत कोरून न ठेवता वेगळ्या फाईलीत ठेवाव्यात आणि हंगामाच्या सुरुवातीस माणसाने शासनाचे परिपत्रक पाहून त्या भराव्यात. त्यानंतर दहा पावत्या निवडून त्यांचा हिशेब कागदावर करावा: दोन कोरड्या मालाच्या, दोन ओल्या मालाच्या, एक नेमकी मर्यादेवरची, दोन 'उस्मानाबाद' नावाच्या, दोन 'धाराशिव' नावाच्या आणि एक अर्धवट भरलेली. दहाही उत्तरे जुळली तरच आज्ञावली खऱ्या यादीवर चालवावी. एक चुकले तरी ती परत पाठवावी.

धाराशिव येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्रही आहे. कंटेनर उभारणे आणि मॉडेल बसविणे हे काम तेथील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. दहा पावत्या निवडण्याचे काम मात्र खरेदी केंद्रावर काटा सांभाळणारा माणूसच नीट करू शकेल. कोणत्या पावतीत हिशेब हमखास अडतो, हे त्यालाच ठाऊक असते. हे दोघे एका टेबलाशी बसले, तर यादी गावाबाहेर न जाता हिशेब बिनचूक होईल आणि शेतकऱ्याला त्याच्या मालाचे पैसे वेळेवर मिळतील.