सिमेंटला साखर नको, चुन्याला गूळ हवा

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात साखर कारखाना आहे, भोवती ऊस आहे, अंगाला पंचगंगा आहे. यांचं आणि घरावरच्या स्लॅबचं काय नातं, ते गवंड्याला विचारा. पहिल्यांदा सांगेल, साखर मालाजवळ आणू नका.

बरोबरच आहे. पन्नास किलोच्या सिमेंटच्या पोत्याला पन्नासेक ग्रॅम साखर लागली, तरी माल आवळायला तास न् तास लागतात. म्हणून तर तयार काँक्रीटचा ट्रक वाटेत अडकला की फिरत्या ड्रममध्ये साखर ओततात. निदान ड्रम तरी वाचतो!

चुन्याचं मात्र उलटं. शाहू महाराज १८७४ साली बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जन्मले, तेव्हा बांधकामात चुन्याचंच राज्य होतं. चुना घाणीत मळताना गवंडी त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर घालत. आणि चुन्याची भेग स्वतःच बुजते: पाऊस झिरपला की थोडा चुना विरघळून भेगेत उतरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि तिथंच पुन्हा दगड होतो.

रोमन काँक्रीटमधले चुन्याचे पांढरे खडे म्हणजे मळणाऱ्यांचा आळस, असं लोक समजत आले. एमआयटीच्या अदमीर मासिक यांच्या गटाने २०२३ साली त्याच पद्धतीचं काँक्रीट करून मुद्दाम फोडलं, भेगेतून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत पाणी थांबलं. आळस कसला, ती औषधाची पुडी होती.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हेंक योंकर्स यांनी तर काँक्रीटमध्ये जिवाणूच झोपवले. सोबत शिदोरी म्हणून कॅल्शियम लॅक्टेट. भेगेतून पाणी शिरलं की हे बॅसिलस कुळातले पाहुणे जागे होतात, खातात आणि चुनखडी तयार करतात. ०.८ मिलिमीटरपर्यंतची भेग बुजते. त्या शिदोरीतलं लॅक्टिक आम्ल बनतं साखर आंबवून. म्हणजे वळसा घालून गोडच! भाव मात्र साध्या काँक्रीटपेक्षा चढा, त्यामुळे आपल्या स्लॅबवर सध्या तरी गवंडीच.

पण अगदी साधं सिमेंटसुद्धा थोडंफार स्वतःला शिवतं. गच्चीवरची काँक्रीटची टाकी बाहेरून बघा. केसासारख्या चिरेतून काही दिवस ओल येते, मग थांबते, मागे पांढरी रेघ उरते. नखाने खरवडा, खडूसारखी पूड निघेल. तिच्यावर लिंबू पिळलं की फसफसते.