खांद्याच्या शस्त्रक्रियेतील उपकरणे : शरीररचना आणि उपकरणांचे स्वरूप

प्रस्तावना :
खांदा हा मानवी शरीरातील सर्वाधिक फिरणारा सांधा होय. दंडाच्या हाडाचे मोठे गोलाकार डोके खांद्याच्या फऱ्यावरील उथळ खोबणीत टेकलेले असते. त्यामुळे हालचालीस मोकळीक मिळते. मात्र स्थैर्यासाठी सांध्यास स्नायू व अस्थिबंध यांवर विसंबावे लागते. या रचनेने शस्त्रक्रियेतील उपकरणांचे स्वरूप कसे ठरवले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खुली शस्त्रक्रिया :
येथे स्नायू बाजूस धरणारे रिट्रॅक्टर हे प्रमुख उपकरण ठरते. दंड उचलणाऱ्या स्नायूस चेतना देणारा मज्जातंतू खांद्याच्या टोकापासून साधारणतः ५ सें.मी. खाली आडवा जातो आणि सांध्याच्या तळाशीही निकट असतो. म्हणून रिट्रॅक्टरची कड बोथट व वक्र ठेवतात. तो जोराने ओढल्यास चाकू न लागताही मज्जातंतूस इजा होऊ शकते.

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया :
यासाठी बहुधा ४ मि.मी. व्यासाची, ३० अंश तिरकस दृष्टी देणारी दुर्बीण वापरतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मांडीस पट्टा आवळून रक्तप्रवाह रोखता येतो. खांद्याच्या वर असा पट्टा बांधण्यास जागाच नसते. परिणामी दृश्य स्वच्छ राखण्याचे काम सलाईनचा दाब नियंत्रित करणारा पंप व रक्तवाहिन्या बंद करणारी रेडिओ-लहरींची शलाका यांवर येते. दाब कमी पडल्यास रक्ताने दृश्य झाकोळते. अधिक झाल्यास भोवतालच्या ऊती फुगतात.

सांधणारी उपकरणे :
फाटलेला स्नायुबंध हाडास जोडण्यासाठी पूर्वी धातूचे स्टेपल व स्क्रू वापरत. झुकरमन व मॅट्सेन यांनी १९८४ मध्ये अशा उपकरणांमुळे उपद्रव झालेल्या ३७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत सैल झालेली व जागा सोडून सरकलेली उपकरणे आढळली. पुढे हाडात रुतणारे, धागा जोडलेले छोटे 'अँकर' रूढ झाले. आता ते टायटॅनियम, विशिष्ट प्लास्टिक, शरीरात विरघळणारे पदार्थ किंवा केवळ धागा यांपासून बनवले जातात.

१९९० च्या दशकात सैल सांधा उष्णतेने आकसवण्याच्या शलाकेचा मोठा प्रसार झाला. तंत्र सोपे होते. परंतु सांधा पुन्हा सैल होणे, कूर्चा नष्ट होणे व मज्जातंतूस इजा होणे असे परिणाम दिसून आल्यावर ही पद्धत मागे पडली.

निष्कर्ष :
उपकरणाची योग्यता त्याच्या नावीन्यावर वा सुलभतेवर ठरत नाही. ते शरीररचनेशी कितपत जुळते आणि दीर्घकालीन निरीक्षणात कितपत टिकते, हीच त्याची खरी कसोटी होय. प्रसार आधी व पडताळणी नंतर, हा क्रम रुग्णास महाग पडतो, हे वरील उदाहरणांवरून स्पष्ट होते.