शिकण्यामागचं शास्त्र : भाग ४ – गृहपाठात नेमकं काय करायचं?

मागच्या भागात विसरण्याविषयी बोललो. गृहपाठाचा प्रश्न तिथूनच निघतो. वर्गात समजलेलं दोन-चार दिवसांत निसटू लागतं आणि नेमकं त्याच वेळी ते डोक्याला ताण देऊन पुन्हा आठवावं लागलं, तर पक्कं होतं. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी २००६ साली गृहपाठावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सातवीपासून पुढे गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसला, खालच्या वर्गांत तो फारच क्षीण होता. पण यात एक गोम आहे. मुळातली अभ्यासू मुलंच गृहपाठ नेमाने करतात, तेव्हा गुण गृहपाठामुळे वाढले की अभ्यासू वृत्तीमुळे, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. शिवाय धडा तीनदा उतरवून काढणं आणि एखादं गणित स्वतः सोडवणं, दोन्ही तिथे ‘गृहपाठ’ म्हणूनच मोजलं जातं.

म्हणून फ्लोरिडातला डग रोरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२० चा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. सातवीच्या ५४ वर्गांना सरावासाठी तीच गणितं दिली, फक्त क्रम बदलला. काही वर्गांना एका प्रकारची गणितं सलग, बाकीच्यांना वेगवेगळ्या प्रकारांची मिसळून. महिनाभराने अचानक चाचणी घेतली, तेव्हा मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के गुण मिळाले, इतरांना ३८. कारण सरळ आहे. आपल्या पुस्तकातला एखादा सरावसंच घ्या. प्रकरण चक्रवाढ व्याजाचं असलं की कोणतं सूत्र लावायचं हे शीर्षकच सांगून टाकतं. मुलं उदाहरण पुरतं न वाचताच संख्या भरत सुटतात. त्यात सरळव्याजाचं एक, शेकडा नफ्याचं एक आणि मागच्या महिन्यातलं समप्रमाणाचं एक उदाहरण घातलं, की आधी ‘हे आहे कशाचं?’ असा विचार करणं भाग पडतं. परीक्षेत बहुतेकांची गाडी अडते ती इथेच.

यावर पहिला आक्षेप ओझ्याचा, आणि तो रास्त आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलं, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास आणि सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. या मर्यादेत चार मिसळलेली गणितं सहज बसतात. बसत नाही ते ‘प्रश्नोत्तरं सुवाच्य अक्षरात लिहून आणा’. गाइडमधून वहीत उतरवलेल्या उत्तरांनी हस्ताक्षर सुधारत असेल तेवढंच. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ज्या घरात एकच खोली आहे आणि विचारायला कुणी नाही, तिथलं मूल असं गणित घेऊन बसेल आणि अडेल. अडेलच. म्हणून घरी द्यायचं ते वर्गात शिकवून झालेलंच असावं, थोडं असावं आणि चुकीचं उत्तर घेऊन यायची मुभा असावी. आई-वडिलांच्या मदतीशिवाय पुरा न होणारा प्रकल्प मुलाची नव्हे, घराचीच परीक्षा घेतो.

राहिला प्रश्न तपासण्याचा. साठ वह्यांवर लाल शेऱ्यासह सही करण्यात बाईंचा अख्खा तास जातो, आणि मुलाला आपलं चुकलं कुठे ते कळत नाही ते नाहीच. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जणांचं चुकलेलं एकच गणित फळ्यावर घेतलं तर? चूक सुधारण्याच्या या पद्धतीविषयी पुढच्या भागात.