कयाकने स्कूबा: वर कोण थांबणार?

आमच्या चिंचपोकळीपासून समुद्र फार लांब नाही, पण मुंबईचं पाणी गढूळ. म्हणून स्कूबासाठी आपण मालवण गाठतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे खडक किनाऱ्यापासून जवळच. मग कयाकने का जाऊ नये?

जाता येतं. पण तुम्ही खाली असताना कयाक वाहून गेली तर? म्हणून मी म्हणतो, एकाने वर थांबायचंच. नांगर वाळूत टाका, प्रवाळावर नको. उतरताना तो घट्ट बसलाय ना, बघा. जाताना प्रवाहाविरुद्ध वल्हवा. दमून परतताना पाणीच साथ देईल. सिलिंडर लावलेलं जॅकेट हवा भरून, दोरीने कयाकला बांधून पाण्यात सोडा आणि पाण्यातच अंगात घाला. डायव्हिंगचं प्रशिक्षण नसेल, तर इन्स्ट्रक्टरसोबत बोटीनेच जा.